धवलाकाकीचा घसा

धवलाकाकीचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यावर लोक काहीही बोलायला लागले. कोणी कोकिळा म्हणतं, कोणी सरस्वती म्हणतं. तिच्यासमोर असं कोणी म्हटलं असतं तर ती हसत सुटली असती. विळ्याला दगडावर धार लावताना जो आवाज येतो, तसा तिचा आवाज होता. कोरडा, घासून निघणारा. जवळ उभं राहिलं तर कानाला टोचायचा. पण ओढ्याच्या पलीकडे टेकाडावर बसून ऐकला की वाटायचं, ही बाई आपल्याशीच बोलते आहे. जवळच्याला टोचणारा आणि लांबच्याला जवळ वाटणारा असा दुसरा आवाज मी ऐकला नाही. आता तर कान गेले, ऐकणारही नाही.

आमचं गाव किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना आडवाटेला आहे. भातशेती करणारी थोडी घरं, मागे जंगल, खाली ओढा. काकीचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुंपण. तिचं खरं नाव काहीतरी दुसरं होतं, पण ते तिच्या सासूशिवाय कोणी घेत नसे. लहानथोर सगळे धवलाकाकीच म्हणत.

त्या काळी आमच्याकडे लग्न भटजी लावत नसे. धवलारीण लावायची. हळदीपासून नवरा-नवरीचे हात एकमेकांच्या हातात देईपर्यंत जी गाणी म्हणायची ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. तिने गावदेवाला, डोंगराला, नदीला आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. सगळे आले असं तिने सांगितलं की लग्न लागलं. ज्यांनी अशी लग्नं पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. आमच्या पट्ट्यात धवलारीण सवाशीणच लागायची, तिचा नवरा जिवंत असायला हवा. आणि शेवटचा धवला, ज्यात मेलेल्यांना बोलवतात, तो मधे तोडायचा नाही. पाणी प्यायला नाही, खोकायला नाही. तोडला तर लग्न मोडलं. वरात आल्या पावली परत.

काकी या कामाला देवाचं काम वगैरे म्हणत नसे. ती म्हणायची, "मी काय करते? हाक मारते. तुमी पोरांना जेवायला हाक मारता, मी मेलेल्यांना मारते. तेवढाच फरक." बदल्यात तिला तांदूळ, नारळ आणि खण मिळायचा. खण कधी जाडाभरडा निघाला की म्हणायची, मेले आले नसते तर बरं झालं असतं.

तिची एक खोड होती. ती भांडायची नाही. म्हणजे भांडायची, पण आवाज खाली ठेवून. विहिरीवर बायका एकमेकींना शिव्या घालायच्या तेव्हा त्या टेकाडापर्यंत ऐकू जायच्या. काकी मात्र शेजारच्या बाईच्या कानाशी जाऊन अगदी हळू काहीतरी बोलायची आणि घागर उचलून चालायला लागायची. मागे राहिलेली बाई पांढरी पडलेली असायची. काय बोलली ते कोणालाच कळायचं नाही, म्हणून तिला सगळ्या जास्तच भ्यायच्या. मी एकदा विचारलं, तू मोठ्याने का नाही भांडत? ती म्हणाली, "घसा भांडणाने फाटतो गो. लोणचं खाऊन काय होत नाय. मी लोणचं खाते, भांडण सोडते."

घरात तर ती आणखीच हळू बोलायची. तिचा नवरा, आमचा काका, तरुणपणी जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला होता. त्या धुराने त्याची छाती गेली आणि आवाजही गेला. बोलला की नुसती हवा निघायची. तिच्यासारखा आवाज असलेल्या बाईच्या घरात असा माणूस. गावात थट्टा व्हायची, की देवाने दोघांना मिळून एकच घसा दिला आणि तो काकीने पळवला. काका ते ऐकून हसायचा, आणि हसला की खोकायचा.

मी लहानपणी त्यांच्या ओसरीवर जास्त असायची. काकी आपल्या आवाजात हाक मारून गुरं परत आणायची, कोंबड्यांना दरडावायची, आणि उंबरा ओलांडला की एकदम कुजबुजायला लागायची. जसं काही घरात लहान मूल झोपलं आहे. मूल तर त्यांना नव्हतंच. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मी मोठ्याने बोलले की त्याला मोठ्याने जवाब द्यावासा वाटतो. मग तो खोकत बसतो." दोघं अशी कुजबुजत बसायची की नव्या माणसाला वाटावं, चोरीचा बेत चालला आहे. चालायचं काय, तर आज आमटीत मीठ जास्त पडलं.

घरात तिसरी होती काकाची आई. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिला दिसत कमी, ऐकू येत कमी, आणि बोलायचं भरपूर. तिच्या मते मुलाचा आवाज सुनेनेच खाल्ला होता. हे ती दिवसातून बऱ्याचदा सांगायची, आणि काकी तिच्या पुढ्यात ताट ठेवून खालच्या आवाजात म्हणायची, "खाल्ला. आता तुमी भात खावा."

मी चौथी पास झाले आणि शाळा संपली, कारण गावात पुढे शाळाच नव्हती. तेव्हा काकीच्या मनात आलं की धवले मला द्यावेत. तिच्यामागे कोणी नव्हतं. तिने मला ओढ्याच्या पलीकडे उभं केलं, स्वतः अलीकडे राहिली आणि म्हणाली, माझं नाव घे. मी ओरडले. ती म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा ओरडले. मग ती पाण्यातून चालत पलीकडे आली, माझ्या शेजारी दगडावर बसली आणि बोलली, "भागे, तुझा आवाज भांड्यासारखा हाय. पडला की वाजतो. पण जात नाय कुठे."

मला राग आला. मग ती म्हणाली, तुझे कान मात्र चांगले आहेत. आणि ते खरं होतं. मला गाता येत नव्हतं, पण तिचा आवाज कुठे चढणार, कुठे वळणार, श्वास कुठे घेणार, हे मला आधी कळायचं. ती सरावाला ओसरीवर बसली की मला समोर बसवायची. कुठे चुकलं तर माझं तोंड बघून तिला कळायचं. ती म्हणायची, म्हणणाऱ्या खूप मिळतील, ऐकणारी मिळत नाही. तसं म्हणणाऱ्याही मिळाल्या नाहीतच. पण ते पुढे.

काकाचं दुखणं वाढत चाललं तशी गावाला चिंता पडली. ही चिंता काकाची नव्हती. तो गेला तर काकी धवल्याला चालणार नाही, आणि आजूबाजूच्या गावांत दुसरी धवलारीण नाही. मग काय विचारता. माघ उजाडला की काकाच्या घरी शेळीचं दूध यायला लागायचं. कोणी अंडी आणायचं, कोणी मध, कोणी शहापूरहून औषधाची बाटली. ज्याच्या घरी लग्न तो येऊन काकाच्या छातीला कान लावून जायचा. वैशाख संपून पेरणीची घाई सुरू झाली की दूध बंद. पावसाळाभर काका मेला की जिवंत हे कोणी विचारायचं नाही.

काकाला हे सगळं कळत होतं. एकदा माझे वडील दूध घेऊन गेले, तेव्हा त्याने त्यांना खूण करून जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात म्हणाला, "मी मेलो तर अर्धा तालुका बिनलग्नाचा राहील. मला मंत्र्यासारखं जपा." वडील हसले. काकी हसली नाही. तिने दूध तापवायला ठेवलं.

माझं लग्न ठरलं ते मुरबाडच्या बाजूला. आधी दोन ठिकाणी मला नाकारलं होतं. मी दिसायला बेताची होते आणि तोंडाने फटकळ. हे तिसरं ठिकाण वडिलांनी घट्ट धरलं. पण ती माणसं शकुन फार पाहणारी होती. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात धवलारणीला ठसका लागून शेवटचा धवला तुटला होता, तरी तसंच लग्न उरकलं, आणि ती सून वर्षाच्या आत साप चावून मेली. म्हणून त्यांनी बोलणीतच सांगितलं, हुंडा नको, मानपान नको, पण धवला तुटला तर आम्ही मुलाला घेऊन उठू. वडिलांनी मान हलवली. धवलाकाकी असताना धवला तुटायची भीती नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकाची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. कुंपणाच्या या बाजूला ऐकू येत होती. वडील काकीच्या दारात जाऊन उभे राहिले. विचारायचं कसं हे त्यांना कळेना. हळद लागल्यावर मांडवाबाहेर जायचं नसतं, तरी मी कुंपणाशी गेले. काकी आत काकाच्या तोंडाशी कान लावून बसली होती. मग ती उठून बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, "तो बोलतो, तू धवले म्हणून ये. मी हाय."

एवढंच. तिने लुगडं बदललं, कुंकू पुन्हा लावलं, म्हातारीला काकाजवळ बसवलं आणि आमच्या मांडवात आली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ऊन उतरलं, गुरं परत यायला लागली. उंबराच्या फांदीखाली मला आणि माझ्या नवऱ्याला पाटावर बसवलं. काकी माझ्या शेजारी, हात माझ्या डोक्यावर. शेवटच्या धवल्याआधी वाजंत्री थांबवतात, तशी थांबवली. मांडव गप्प झाला. काकीने गावदेवाला बोलावलं, डोंगराला बोलावलं, काळू नदीला बोलावलं. मग आमच्या घरातले मेलेले. माझा पणजा, आजा, आजी, बाळंतपणात गेलेली माझी आई. आईचं नाव तिने घेतलं तेव्हा मला रडू येईल असं सगळ्या बायकांना वाटत होतं. मला नाही आलं. मी काकीचा श्वास ऐकत होते.

आमच्या बाजूची नावं संपली. नवऱ्याच्या घरच्यांची सुरू व्हायची होती. काकीने श्वास घेतला, आणि तेवढ्या वेळात कुंपणापलीकडून म्हातारीचा आवाज आला. "माझ्या रं..." एवढाच. ज्यांनी बायकांना मेलेल्या माणसावर हेल काढून रडताना ऐकलं आहे त्यांना ती सुरुवात कळते. तो दुसऱ्या कशाचा आवाज नसतो.

काकीचा हात माझ्या डोक्यावर होता. तो हलला नाही. पण बोटं घट्ट झाली. आणि तिने आवाज चढवला. मी तिचा आवाज जन्मभर ऐकला होता, तो इतका वर कधी गेला नव्हता. नवऱ्याच्या पणज्याचं नाव तिने असं घेतलं की मांडवाची पानं थरथरली असं लोक पुढे सांगायचे. पानांचं मला माहीत नाही. माझ्या कानाला दडा बसला हे खरं. ती एकेक नाव घेत गेली, थोरल्या जावेचं घेतलं, साप चावून मेलेल्या, आणि कुठेही खाली आली नाही. श्वासाला जागा असते तिथेही तिने श्वास घेतला नाही. म्हातारीचा हेल त्याच्याखाली गेला. मुरबाडच्या पाहुण्यांना काही ऐकू आलं नाही. गावातल्या ज्यांना सुरुवात ऐकू आली होती त्यांनी माना खाली घातल्या.

मांडवाच्या कडेला शेजारचा चंदर धावत येऊन उभा राहिला. वडिलांनी त्याचा दंड पकडला आणि दुसरा हात त्याच्या तोंडावर ठेवला. आमच्यात सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. कोणी सांगितलंच नाही तर सुतक नाही. तोपर्यंत काकी सवाशीण होती आणि माझं लग्न लग्न होतं. हे वडिलांना माहीत होतं, चंदरला माहीत होतं, आणि ज्या बाईचा नवरा पलीकडे मरून पडला होता तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

धवला संपला. तिने माझा हात नवऱ्याच्या हातात दिला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. अक्षता पडल्या, माणसं उठली, गडबड झाली. काकी मांडवाच्या कडेला गेली. मी पाटावरून बघत होते. ती चंदरसमोर उभी राहिली आणि बोलली, "सांग आता."

तिच्या तोंडून नुसती हवा निघाली होती. मी ओठ बघून समजले.

चंदरने सांगितलं. तिने तिथेच कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. पाहुण्यांसमोरून नेहमीच्या चालीने गेली, जसं काही घरी गुरं बांधायची राहिली आहेत.

पुढचं मी पाहिलं नाही, माझी वरात निघाली. नंतर माहेरी आले तेव्हा बायकांनी सांगितलं. नवरा गेला की बायकोने हेल काढायचा, त्याचे गुण सांगायचे, त्याला विचारायचं की मला टाकून का गेलास. गाव ते ऐकायला जमतं. ते ऐकलं म्हणजे माणसाला नीट पोचवला असं मानतात. काकी काकाजवळ बसली, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. घसा फाटला होता. ती तोंड उघडायची, मान ताणायची, आणि काकासारखीच नुसती हवा. बायका वाट बघत बसल्या. म्हातारीही तोवर रडून थकली होती. शेवटी त्याला बायकोच्या हेलाशिवायच उचलला.

बायका वाईट बोलल्या. दुनियेच्या लग्नाला गळा होता आणि नवऱ्याला नव्हता, म्हणाल्या. म्हातारी तर मरेपर्यंत म्हणत राहिली, "पोराचा आवाज खाल्लास. तुझाही नाय उरला त्याला रडायला." काकी पूर्वीसारखं उत्तर द्यायची नाही. ताट ठेवायची.

वडील त्यानंतर दर वर्षी न विचारता तिचं शेत नांगरून द्यायचे.  बांधावर तिने ठेवलेला पाण्याचा तांब्या असायचा.

तिचा आवाज पावसाळ्यानंतर थोडा परत आला. पण तो दुसरा आवाज होता, जाडा आणि आखूड. गुरांना ऐकू जायचा, ओढ्यापलीकडे जायचा नाही. धवल्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या गावातली लग्नं मग किन्हवलीचे भटजी लावायला लागले, आणि काही वर्षांनी शहापूरहून भाड्याने लाउडस्पीकरचा कर्णा यायला लागला. झाडावर बांधलेला तो कर्णा पहिल्यांदा वाजला तेव्हा मी काकीला विचारलं, कसा वाटतो? म्हणाली, "लांब जातो. पण कोणाला बोलवत नाय."

माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पहिलं मूल पोटातच गेलं. त्याच सुमाराला मुरबाडच्या बाजारात कोणीतरी सासूच्या कानावर घातलं, की तुमच्या मुलाचं लग्न विधवेने लावलंय. सासू बाजारातून आली ती तशीच ओसरीवर बसून राहिली. मग ठरलं की मला माहेरी पाठवायची आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं.  माझा नवरा कधीच काही बोलत नसे, त्या दिवशीही नाही. वडिलांना निरोप गेला. वडील आले, आणि त्यांच्यामागून काकी. कपाळ रिकामं, पायात काही नाही, एवढं अंतर चालून.

सासूने तिला अंगणातच विचारलं, तुझा नवरा आमच्या लग्नाच्या आधी गेला की नंतर?

"धवल्यात गेला."

"तुला कळलं होतं?"

मी चुलीजवळ उभी होते. दार उघडं होतं. काकीने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "धवल्यात असलं की मला दुसरं काय ऐकू येत नाय. चंदरने मागाहून सांगितलं तेव्हा कळलं."

सासू म्हणाली, शपथ घे. काकीने गळ्यावर हात ठेवला. "खोटं बोलत असेन तर हा घसा पुन्हा उघडू नये."

सासूला पटलं. देवांना नावं घेऊन बोलावणारी बाई घशाची खोटी शपथ घेणार नाही, असं त्या काळी कोणालाही वाटलं असतं. मला ठेवून घेतलं. पुढे मला चार मुलं झाली, संसार झाला. चांगला म्हणणार नाही, वाईट म्हणणार नाही. झाला. पण त्या दिवशी अंगणात काकीने काय सोडलं हे माझ्याशिवाय आणि वडिलांशिवाय कोणाला कळलं नाही. नवऱ्याच्या मरणाची हाक आपण ऐकलीच नाही, असं तिने चार माणसांत सांगितलं. ते गावात पोचलं तेव्हा बायकांना आणखी एक बोलायला मिळालं. नवरा मरतो आणि हिला ऐकूही येत नाही.

शपथ घेऊन झाल्यावर ती आत आली आणि मला म्हणाली, भाकरी टाक, भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर लोणचं मागून घेतलं, आणि वडिलांबरोबर निघाली.

त्यानंतर माहेरी गेले की मी तिच्या ओसरीवर बसायची. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. ती भात निवडायची, मी मुलांना रागवायची. माझा आवाज ऐकून ती एकदा म्हणाली, भांडं अजून वाजतंय. म्हातारी गेली तेव्हा काकीने तिच्यासाठी हेल काढला. त्या आखूड आवाजात, पण पूर्ण काढला. सासूला रडली, नवऱ्याला नाही, असं बायका म्हणाल्याच.

मग काकीच्या घशात गाठ आली. शहापूरच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरने मुंबईला न्यायला सांगितलं. ती म्हणाली, मुंबईत माझी कोणी ओळखीची मेलेली माणसं नाहीत. घरी परत आली. मला कोणीतरी सांगितलं की शपथ भोवली. सांगणारा शपथेतलं खरंखोटं जाणत होता असं नाही, उगाच बोलायचं म्हणून बोलला. मी त्याला काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी गेले तेव्हा दुपार होती. ती काकाच्याच जागेवर, त्याच खाटेवर होती. आवाज संपला होता, नुसती हवा. मी तिच्या तोंडाशी कान लावला. हे असं बसणं मी या घरात आधी पाहिलं होतं.

ती म्हणाली, "भागे, तुझे कान चांगले."

मी हो म्हटलं.

"तो बोलला होता, मी हाय. राहिला नाय." मग श्वास गोळा करून म्हणाली, "म्हातारी त्याला रडली. मी सुरुवात ऐकली. माझ्या रं, एवढी. पुढे काय बोलली ती? त्याला काय म्हणून रडली?"

मला तेव्हा कळलं की ही इतकी वर्षं कशाची वाट बघत होती. काका मेल्यावर त्याला एकदाच कोणी रडलं होतं, आणि तेवढं रडणं हिनेच आपल्या आवाजाखाली दाबलं होतं. चंदरला तिने विचारलं होतं, तो तेव्हा आमच्या मांडवाकडे धावत होता. म्हातारीला विचारायची सोय नव्हती. राहिले मी.

मला काहीतरी रचून सांगता आलं असतं. हेलात काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं. पण मी तिच्यासमोर बसून ऐकायला शिकले होते. चुकीचं काही तोंडावर आलं असतं तर तिला कळलं असतं.

मी म्हटलं, "नाय ऐकलं काकी. तुझ्याच आवाजाने माझे कान भरले होते. दुसरं काय म्हणून ऐकू आलं नाय."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग ओठ हलले. मी पुन्हा कान लावला.

"मग त्या दिवशी आवाज लागला होता म्हणायचा."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. निरोप आला तेव्हा मी भाताच्या लावणीत होते, तशीच चिखलाच्या पायांनी गेले. तिला मूल नाही, सून नाही, रडायचं कोणी हा प्रश्न होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकमेकींकडे बघत. मी रडणारी बाई नाही, हे गावाला माहीत होतं. मी तिच्या उशाशी बसले आणि हेल काढला. आधी काकाचं नाव घेतलं. माझ्या रं, म्हणून त्याला हाक मारली. भट्टीतला धूर सांगितला, शेळीचं दूध सांगितलं, तो कानात बोलायचा ते सांगितलं, मी हाय बोललास आणि का गेलास ते विचारलं. बायका कुजबुजायला लागल्या, की मेलं कोण आणि ही रडते कोणाला. एकीने माझ्या खांद्याला हात लावला, की अगं, काकी गेली आहे, काकाला जाऊन वर्षं झाली.

मी तिचा हात झटकला. त्याचं सगळं सांगून झाल्यावर मग काकीचं सुरू केलं. आवाज भांड्यासारखाच लागला. कुंपणापलीकडेसुद्धा गेला नसेल. पण मधे तोडला नाही.